अदलाबदलीचा हिशेब आणि पश्चातबुद्धी

जुलै महिना संपत आला की अमेरिकेतील बेसबॉलच्या जगाला एक चमत्कारिक घाई सुटते. मार्चच्या अखेरीस सुरू झालेला मोसम तोवर दोन-तृतीयांश उलटलेला असतो. प्रत्येक संघाच्या वाट्याच्या १६२ सामन्यांपैकी शंभराहून अधिक खेळून झालेले असतात. कोणाला अजिंक्यपदाची आशा धरता येईल आणि कोणी ती सोडावी, हे बरेचसे कळून चुकलेले असते. अशा वेळी आशा असलेले संघ कसलेला खेळाडू मिळवण्यासाठी धडपडू लागतात. आणि आशा संपलेले संघ आपला कसलेला गडी देऊन त्याच्या मोबदल्यात दुय्यम संघांतून तयार होत असलेली कोवळी पोरे मागून घेतात. एकाला आज हवा असतो, दुसऱ्याला उद्या. या व्यवहाराला मुदत असते. १९८५ पर्यंत ती १५ जूनला संपत असे, १९८६ पासून ती ३१ जुलैच्या सुमारास संपते. पुढेही काही अटी पाळून ऑगस्टमध्ये अदलाबदल करण्याची एक पळवाट होती. ती २०१९ पासून बंद झाली.

मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी वर्तमानपत्रे शाळामास्तरांच्या थाटात प्रत्येक संघाला गुण देतात. हे गुण फारसे कोणी लक्षात ठेवत नाही. खरा निकाल लागतो तो दहा-पंधरा वर्षांनी. दिलेल्या पोरांपैकी एखादा थोर खेळाडू निघाला की तो सौदा ‘इतिहासातील महामूर्खपणा’ म्हणून नोंदला जातो, आणि तो करणाऱ्या व्यवस्थापकाचे नाव थट्टेचा विषय होऊन बसते. हा दुसरा निकाल अंतिम समजण्याची रीत पडली आहे. ती रीत अन्यायाची आहे आणि विचाराच्या दृष्टीने आळशीपणाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डेट्रॉइटचा सौदा

या रीतीचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे १९८७ चा डेट्रॉइट टायगर्स संघ. त्या वर्षी १२ ऑगस्टला टायगर्सनी अटलांटा ब्रेव्हजकडून डॉइल अलेक्झांडर हा पिचर घेतला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा. क्रिकेटमधील गोलंदाजाहून त्याचे महत्त्व अधिक. कारण सामन्याच्या आरंभी उभा राहणारा पिचर त्या दिवशीचा बहुतेक सामना एकटाच फेकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. अलेक्झांडर तेव्हा ३६ वर्षांचा होता. म्हणजे या खेळाच्या मानाने उतरणीला लागलेला. त्याच्या बदल्यात टायगर्सनी जॉन स्मोल्ट्झ नावाचा २० वर्षांचा मुलगा दिला. हा मुलगा मिशिगन राज्यातलाच, टायगर्सवर माया करीत वाढलेला.

पुढे काय झाले ते बेसबॉलच्या प्रत्येक चाहत्याला तोंडपाठ आहे. स्मोल्ट्झने अटलांटासाठी दोनशेहून अधिक सामने जिंकले. मधली काही वर्षे शेवटचा डाव राखणाऱ्या पिचरचे काम करून आणखी १५४ सामने वाचवले. १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. आणि २०१५ मध्ये कूपर्सटाउनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याची स्थापना झाली. अलेक्झांडर मात्र १९८९ नंतर खेळातून निवृत्त झाला. दोन वर्षे एका पारड्यात आणि वीस वर्षे दुसऱ्या पारड्यात! तराजू कोणीकडे झुकतो हे सांगायला पंडित लागत नाही.

परंतु हा तराजू कोणत्या दिवशी हाती घ्यायचा, हाच मुळात प्रश्न आहे. डेट्रॉइटमध्ये आल्यापासून मोसम संपेपर्यंत अलेक्झांडरने ९ सामने जिंकले आणि एकही हरला नाही. नऊ डावांच्या सामन्यात त्याच्याविरुद्ध निघणाऱ्या धावांची सरासरी होती १.५३. असे आकडे त्या वर्षी भल्याभल्या तरुणांनाही जमले नव्हते. मोसम संपला तेव्हा टायगर्सचे विजय होते ९८ आणि टोरोंटोचे ९६. केवळ दोन सामन्यांच्या फरकाने विभागाचे अजिंक्यपद डेट्रॉइटला मिळाले. अखेरच्या आठवड्यात टोरोंटोने ओळीने सात सामने गमावले. त्यातले शेवटचे तीन डेट्रॉइटच्या मैदानावर, आणि त्या तिहींतला पहिला अलेक्झांडरनेच जिंकून दिला. त्याच्या जागी दुसरा साधारण पिचर असता तर हे अजिंक्यपद मिळाले नसते, असे म्हणण्यास भक्कम आधार आहे.

आता ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी स्मोल्ट्झ कोण होता ते पाहावे. १९८५ च्या निवडीत तो थेट बाविसाव्या फेरीत घेतला गेला होता. १९८७ च्या त्या मोसमात दुय्यम संघाकडून त्याने ४ सामने जिंकले होते, १० गमावले होते आणि त्याची सरासरी होती ५.६८. त्याच्या हातात वेग होता हे जाणत्यांना दिसत होते. अटलांटाने त्याला मागून घेतला तो उगीच नव्हे. तथापि ज्यांच्या हातात वेग आहे आणि चेंडूवर ताबा नाही अशी विशीतली मुले दुय्यम संघांत शेकड्यांनी असतात. त्यांतली बहुतेक नंतर कोणाच्या आठवणीतही उरत नाहीत. डेट्रॉइटने एक थोर पिचर दिला हे आपण आज म्हणतो. त्या दिवशी त्यांनी दिली ती एक शक्यता, तीही अंधुक.

टायगर्स पुढच्या फेरीत मिनेसोटाकडून हरले, आणि त्यात अलेक्झांडरने दोन्ही सामने गमावले, हे खरे. पण त्यानंतर डेट्रॉइटला मोसमोत्तर सामने पुन्हा खेळायला मिळाले ते एकदम २००६ मध्ये. त्या एकोणीस वर्षांत शहरातील मुले मोठी होऊन बापही झाली असतील. त्यांना आठवण्यासारखे जे काही होते ते १९८७ चेच होते. ज्याला आपण ‘महामूर्खपणा’ म्हणतो त्याच सौद्याने ती आठवण दिली होती, हे हिशेबातून वगळून कसे चालेल?

विजयाची किंमत सारखी नसते

येथे कोणी आधुनिक गणिताचा आधार घेईल. अलीकडे प्रत्येक खेळाडूच्या कामगिरीचे मोजमाप एका आकड्यात करण्याची पद्धत रूढ झाली आहे. सहज मिळणाऱ्या सामान्य खेळाडूच्या तुलनेत अमुक गड्याने संघाला किती विजय अधिक मिळवून दिले, असा तो आकडा. त्याला दुसऱ्या एका गोष्टीची जोड दिली जाते. मुख्य संघात आल्यापासून सुमारे सहा वर्षे खेळाडू त्याच संघाशी बांधलेला असतो आणि त्यातली पहिली काही वर्षे तो किमान वेतनावर खेळतो. म्हणून कोवळ्या खेळाडूची सहा स्वस्त वर्षे आणि कसलेल्या खेळाडूचे दोन महाग महिने यांची तुलना मांडता येते. हे गणित उपयुक्त आहे यात शंका नाही. पूर्वी व्यवस्थापक जे नुसत्या अंदाजाने करीत ते आता लिहून, तपासून करता येते.

परंतु या गणिताचे एक गृहीत तपासून घेतले पाहिजे. ते प्रत्येक विजय सारख्याच किमतीचा धरते. वस्तुतः तसे नसते. सत्तर सामने जिंकणाऱ्या संघाला एकाहत्तरावा विजय मिळाला काय अन् न मिळाला काय! शंभर जिंकणाऱ्यालाही एकशे-एकावा विजय शोभेपुरताच. खरी किंमत आहे ती दोहोंच्या मधल्या, उंबरठ्यावरच्या विजयांना. म्हणून तोच पिचर, तेच आकडे, पण संघ निराळा असला की सौद्याचा अर्थ निराळा होतो.

दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. १९९८ च्या ३१ जुलैला ह्यूस्टनने रँडी जॉन्सन हा त्या काळचा सर्वांत भयप्रद पिचर घेतला. त्याने १० सामने जिंकून फक्त १ गमावला, सरासरी १.२८. पण ह्यूस्टनने आपला विभाग तब्बल साडेबारा सामन्यांच्या आघाडीने जिंकला. जॉन्सन आला नसता तरी ते जिंकणारच होते. त्याला आणले होते मोसमोत्तर सामन्यांसाठी. तेथे तो वाईट खेळला नाही. परंतु तो उभा राहिला त्या दोन्ही सामन्यांत संघाने एकेकच धाव काढली आणि ह्यूस्टन पहिल्याच फेरीत बाद झाले. मोबदल्यात दिलेल्या तिघांपैकी फ्रेडी गार्सिया आणि कार्लोस गियेन हे दोघे २००१ मध्ये ११६ सामने जिंकणाऱ्या सिएटल संघाचे आधारस्तंभ होते.

याउलट २००८ मध्ये मिलवॉकीने ७ जुलैला सी. सी. सबाथिया हा पिचर क्लीव्हलंडकडून घेतला. त्याने ११ जिंकले, २ गमावले, सरासरी १.६५. आकडे जॉन्सनच्या जवळपासचेच. पण मिलवॉकीने मोसमोत्तर फेरीतील जागा मिळवली ती अवघ्या एका सामन्याच्या फरकाने. आणि शेवटच्या दिवशीचा निर्णायक सामना, नेहमीच्या चारऐवजी तीनच दिवसांची विश्रांती घेऊन, सबाथियाने पहिल्यापासून शेवटच्या चेंडूपर्यंत एकट्याने फेकला. १९८२ नंतर त्या गावाला हे भाग्य प्रथमच लाभत होते. पुढच्या फेरीत संघ हरला आणि मोसम संपताच सबाथिया निघून गेला. तरीही मिलवॉकीत हा सौदा फसला असे म्हणणारा माणूस शोधून काढावा लागेल. गंमत अशी की, मोबदल्यात दिलेल्या चौघांपैकी ज्याच्यावर सर्वांची भिस्त होती तो मॅट लापोर्टा पुढे चमकला नाही. आणि ज्याचे नाव सौद्याच्या वेळी ठरलेही नव्हते, नंतर कळवायचे होते, तो मायकेल ब्रँटली वर्षानुवर्षे उत्तम खेळला. भविष्य ओळखण्याची आपली ऐपत एवढीच आहे.

मग चूक कशाला म्हणावे?

याचा अर्थ सगळेच सौदे माफ करावेत असा नाही. परिणामावरून माणसाला फाशी देऊ नये, हे म्हणणे वेगळे. आणि निर्णयाची तपासणीच करू नये, हे वेगळे. तपासणी अवश्य करावी, पण ती त्या दिवशी हाती असलेल्या पुराव्यावरून करावी. गरज खरी होती का? मागितलेली किंमत त्या गरजेशी जुळत होती का? माहिती मिळण्यासारखी असताना ती मिळवली होती का? हे तीन प्रश्न विचारले तर काही सौदे खरोखरच दोषी ठरतात.

१९९० च्या ऑगस्टअखेरीस बोस्टनने लॅरी अँडरसन या ३७ वर्षांच्या पिचरसाठी जेफ बॅगवेल ह्यूस्टनला दिला. बॅगवेल पुढे ४४९ होमरन मारून ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला म्हणून लोक हळहळतात. ते क्षणभर बाजूला ठेवू. अँडरसन सामन्याच्या उत्तरार्धात एखाद-दुसरा डाव फेकणारा मदतनीस होता. राहिलेल्या महिन्याभरात त्याच्या वाट्याला आले एकूण २२ डाव. ते त्याने फार चांगले फेकले आणि बोस्टननेही विभाग दोनच सामन्यांनी जिंकला, हे मान्य. पण ज्या दिवशी सौदा झाला त्या दिवशीही बॅगवेल हा ५.६८ सरासरीचा चाचपडणारा पोरगा नव्हता. त्या मोसमात दुय्यम लीगमध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३३३ होती आणि त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. बोस्टनचा बचाव असा की, त्याच्या जागी वेड बॉग्ज हा थोर खेळाडू ठाण मांडून बसला होता आणि बॅगवेलने त्या वर्षी होमरन मारले होते अवघे चार. बचाव अगदीच पोकळ नाही. तरीही बावीस डावांची किंमत म्हणून लीगचा सर्वोत्तम फलंदाज देणे हे, पुढचे काहीही ठाऊक नसताना, त्या दिवशीच महाग होते. डेट्रॉइट आणि बोस्टन यांना लोक एकाच पंक्तीत बसवतात. माझ्या मते एकाने जोखीम पत्करली आणि दुसऱ्याने जास्त दाम मोजला.

माहितीचा प्रश्न १९६४ च्या सौद्यात येतो. त्या वर्षी १५ जूनला, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, शिकागो कब्जने लू ब्रॉक सेंट लुईसला दिला आणि मुख्यतः अर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. ब्रॉग्लिओने आदल्या वर्षी १८ सामने जिंकले होते आणि ब्रॉक .२५१ च्या सरासरीने रखडत होता. सौदा शिकागोला लाभला अशीच तेव्हा अनेकांची समजूत झाली. ब्रॉकने मोसमाच्या उरलेल्या भागात सेंट लुईससाठी .३४८ ची सरासरी राखली, संघाने एका सामन्याच्या फरकाने लीग जिंकली आणि वर्ल्ड सीरिजही जिंकली. पुढे तो तीन हजारांवर हिट्स आणि ९३८ चोरलेले बेस यांचा धनी झाला. ब्रॉग्लिओचा हात मात्र निकामी होत गेला. तीन मोसमांत मिळून त्याने शिकागोसाठी ७ सामने जिंकले आणि १९ गमावले. ब्रॉक असा फुलेल हे कोणालाच सांगता आले नसते. त्याबद्दल शिकागोला दोष देणे व्यर्थ आहे. परंतु पिचरचा हात ही तपासता येण्यासारखी वस्तू आहे. आज वैद्यकीय अहवाल पाहिल्यावाचून कोणताही मोठा सौदा पुरा होत नाही. शिकागोच्या व्यवहारातून शिकायचे असेल तर ते हे आहे.

किंमत कोण देतो?

आणखी एक प्रश्न गुणपत्रिका वाटणारे क्वचितच विचारतात. सही करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असे तर झाले नाही ना? मॉन्ट्रियल एक्स्पोजची कथा या दृष्टीने मन विषण्ण करणारी आहे. २००१ च्या नोव्हेंबरात संघमालकांनी दोन संघ बरखास्त करण्याच्या बाजूने मत दिले. मॉन्ट्रियल त्यांत जाणार असेच सर्व जण धरून चालले होते. २००२ मध्ये तर हा संघ इतर २९ संघांच्या सामाईक मालकीचा झाला होता. ज्या संघाला पुढचे वर्षच नाही त्याने उगवती पोरे कोणासाठी जपायची? २७ जूनला मॉन्ट्रियलने बार्तोलो कोलोन हा पिचर घेतला आणि ग्रेडी साइझमोर, क्लिफ ली, ब्रँडन फिलिप्स हे तिघे क्लीव्हलंडला दिले. तिघेही पुढे नामांकित झाले. लीने तर २००८ मध्ये साय यंग पुरस्कार मिळवला. कोलोनने आपले काम चोख केले, १० सामने जिंकले. पण संघ अग्रस्थानापासून १९ सामने मागे राहिला. बरखास्ती ऑगस्टअखेरीस टळली आणि २००५ च्या मोसमाला संघ वॉशिंग्टनला हलवला गेला. निर्णय त्या परिस्थितीत तर्कशुद्ध होता. परिस्थितीच अधर्माची होती. येथे दोष सही करणाऱ्या व्यवस्थापकाचा नव्हे, संघाचा उद्या हिरावून घेणाऱ्या मालकांचा आहे.

आणि दुसरा भोगणारा म्हणजे स्वतः खेळाडू. ४ ऑगस्ट १९८२ रोजी जोएल यंगब्लड दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून खेळत होता. सामना चालू असतानाच मॉन्ट्रियलला गेल्याचे त्याला कळले. विमान पकडून तो फिलाडेल्फियाला पोहोचला आणि रात्री नव्या संघाकडून खेळला. एकाच दिवशी, दोन शहरांत, दोन संघांसाठी त्याने हिट मारली. हा विक्रम म्हणून हौसेने सांगितला जातो. पण शैक्षणिक वर्षाच्या मध्यात बदलीचा हुकूम हाती पडलेल्या आपल्याकडच्या शिक्षकाला किंवा कारकुनाला त्यातली दुसरी बाजू लगेच दिसेल. २९ जुलै २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मैदानावर विल्मर फ्लोरेस हा व्हेनेझुएलाचा तरुण रडत रडत खेळताना सगळ्यांनी पाहिला. आपण विकले गेलो ही बातमी प्रेक्षकांकडूनच त्याच्या कानी आली होती. तो सौदा शेवटी झालाच नाही आणि दोनच दिवसांनी फ्लोरेसने बाराव्या डावात होमरन मारून सामना जिंकून दिला. या गोष्टीचा शेवट गोड झाला एवढेच. सर्वांचा तसा होत नाही. १९६९ मध्ये कर्ट फ्लडने, मी वस्तू नाही, असे म्हणून आपली अदलाबदल नाकारली आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली. १९७२ मध्ये तो हरला. तरी १९७३ च्या करारापासून, दहा वर्षे खेळलेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला नकार देण्याचा अधिकार मिळाला. बाकीच्यांना तो करारात मागून घ्यावा लागतो किंवा मुळीच नसतो.

कोणी म्हणेल, मग काळाच्या कसोटीला काही अर्थच नाही काय? आहे, पण तो एका सौद्यापुरता नाही. एक सौदा फसला तर ते दैव असू शकते. वीस सौद्यांत पंधरा फसले तर ते डोळ्यांचे अपयश आहे, आणि अशा व्यवस्थापकाला घरी बसवणेच योग्य. एका पेपरावरून विद्यार्थ्याची योग्यता ठरवू नये, हे ज्यांना रोज पेपर तपासावे लागतात त्यांना सांगण्याची गरज नाही.

हा केवळ न्यायाचा प्रश्न नाही. त्याचा खेळावर परिणाम होतो. दिलेला पोरगा उद्या स्मोल्ट्झ निघेल या भीतीने जो व्यवस्थापक हात आखडता घेतो, त्याची थट्टा कोणी करीत नाही. कारण न केलेल्या सौद्याची नोंद कोठेच होत नाही. जपून ठेवलेली आणि जागच्या जागी कोमेजलेली पोरे कोणाच्या खात्यावर मांडली जात नाहीत. २०१६ मध्ये शिकागो कब्जने अ‍ॅरोल्डिस चॅपमनसाठी ग्लेबर टोरेस हा १९ वर्षांचा गुणी खेळाडू दिला, तेव्हा किंमत जबर आहे हे त्यांना ठाऊक होते. चॅपमनने मोसमाच्या आरंभी कौटुंबिक हिंसाचारविषयक नियमांखाली तीस सामन्यांची बंदी भोगली होती. त्यामुळे पुष्कळ चाहत्यांची मने कचरली, आणि तेही त्या किमतीतच धरले पाहिजे. चॅपमन मोसम संपताच परत गेला आणि टोरेस न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आला. पण त्या वर्षी शिकागोने १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. किंमत जाणून, गरज ओळखून, उघड्या डोळ्यांनी केलेला तो सौदा होता. शेवटच्या सामन्यात चॅपमनच्या फेकीवर आठव्या डावात बरोबरी झाली आणि शिकागो दहाव्या डावात एका धावेने जिंकले. ती एक धाव निघाली नसती तर तोच सौदा आज ‘महामूर्खपणा’ ठरला असता, आणि जुलैमध्ये सही करणाऱ्या माणसाच्या शहाणपणात मात्र तिळमात्रही फरक पडला नसता.